साडेसोळा मिलिमीटर

२०२४ हे साल मॉडेल रेल्वेच्या छंदाला जड गेलं. लिव्हरपूलला १९४६ साली सुरू झालेल्या हॅटन्स या नामांकित दुकानाने जानेवारीत गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. बर्मिंगहॅमच्या एनईसी संकुलात दर नोव्हेंबरात भरणारं वॉर्ली क्लबचं मोठं प्रदर्शन २०२३ सालचं शेवटचं ठरलं. एवढा पसारा मांडायला क्लबकडे पुरेसे हात उरले नव्हते. अमेरिकेत १९३४ पासून निघणारं ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक जुन्या प्रकाशकाने विकून टाकलं. दुकान, प्रदर्शन आणि मासिक या तीन खांबांवर हा छंद पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. तिन्ही एकदम हलले की पुढे काय, हा प्रश्न पडणारच. त्या प्रश्नाभोवती सुचत गेलं ते इथे टिपून ठेवलं आहे.

* * *

२००१ साली हँबुर्गच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी ‘मिनिआटुर वुंडरलांड’ उघडलं. सगळं १:८७ प्रमाणात. आल्प्सचे डोंगर, खुद्द हँबुर्ग, स्कँडिनेव्हिया, २०११ पासून विमानं जिथे खरोखर धावपट्टी सोडतात असा विमानतळ, २०१६ पासून इटली. हजाराहून जास्त गाड्या आणि पंधरा किलोमीटरच्या वर रूळ. वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं तिकीट काढून ते बघायला जातात.

म्हणजे छोट्या रेल्वेची ओढ आटलेली नाही. बघणाऱ्यांची गर्दी आहे, करणाऱ्यांची चणचण आहे. छंद टिकतो तो करणाऱ्यांच्या जिवावर, तेव्हा विचार त्यांचाच करायला हवा.

* * *

ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर वाफेची इंजिनं ऑगस्ट १९६८ मध्ये थांबली. तेव्हा फलाटाच्या टोकाला उभं राहून वहीत इंजिनांचे नंबर टिपणारा दहा वर्षांचा मुलगा आज पासष्टी ओलांडून गेला आहे. तिथले कारखाने बरीच वर्षं त्याच्यासाठीच मॉडेलं काढत आले. इंजिन त्याच्या आठवणीतलं, बारकावे त्याच्या नजरेला पटतील असे आणि किंमत त्याच्या शिलकीला झेपेल एवढी. पोरांच्या हातून पडला तरी न मोडणारा स्वस्त सेट या ओघात मागे पडला. पिढी तुटली ती इथे.

यातून एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसते. माणूस मोठेपणी जी गाडी करतो, ती बहुधा लहानपणी रोज पाहिलेली असते. ठाणे, कल्याण, दौंड, मनमाड, भुसावळ इथे वाढलेल्या मुलांनी काय पाहिलं आहे आणि त्यातलं मॉडेलच्या रूपात त्यांना काय मिळू शकतं, हे दोन प्रश्न शेजारी ठेवले की आपल्याकडचं सगळं दुखणं कळतं.

* * *

मेर्क्लिन ही जर्मनीतल्या ग्योपिंगनची, मॉडेल रेल्वे करणारी कंपनी १८५९ सालची. दीडशेव्या वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती सावरली, आणि २०१३ मध्ये सिम्बा-डिकी हा खेळणी उद्योग चालवणाऱ्या घराण्याने ती घेतली. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने मार्गेटमधलं उत्पादन नव्वदच्या दशकात चीनला हलवलं, बाकीचेही त्याच वाटेने गेले. मॉडेलं त्यामुळे फार देखणी झाली, रिव्हेट मोजून घ्यावेत इतकी. पण कारखाने मोजके आणि लांबचे. एक मॉडेल थोड्या संख्येने एकदाच निघतं, आधी नाव नोंदवा, मग वाट बघत बसा.

याच अडचणीतून नवी रीतही निघाली. ब्रिटनमध्ये ‘रेव्होल्यूशन ट्रेन्स’ने आगाऊ नोंदणीचे पैसे जमवून एन गेजमधली, म्हणजे ९ मिलिमीटरच्या रुळावरची, पेंडोलिनो गाडी काढली. ‘इतक्या जणांनी पैसे भरले तर साचा करू’ असा सरळ व्यवहार. मोठ्या कंपनीने ज्या गाडीकडे बघितलं नसतं, ती गाडी तिच्या चाहत्यांनी करवून घेतली. आपल्याकडच्या भिशीला हे तत्त्व वेगळं शिकवायला नको.

* * *

आता रुळाच्या रुंदीचं गणित, कारण सगळे वाद तिथे येऊन थांबतात.

जगात सर्वांत जास्त चालणारा मॉडेल रूळ म्हणजे साडेसोळा मिलिमीटरचा. १:८७ ला तो १४३५ मिलिमीटर भरतो, म्हणजे युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा आणि तो दुकानात मिळत नाही. साडेसोळाच्या रुळावर आपला डबा ठेवला की दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर खऱ्या मापाने जवळजवळ वीतभर कमी होतं. समोरून पाहिलं तर धिप्पाड माणूस पाय जुळवून उभा राहावा तशी गाडी दिसते. इथेच बरेच जण थांबतात. रूळच आपला नाही तर गाडी कशाला करायची, असं म्हणतात.

त्यांनी एकदा ब्रिटनकडे पाहावं. ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक, सुरुवातीच्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात १:८७ ला मावेनात. म्हणून त्यांनी इंजिन १:७६ चं केलं आणि रूळ साडेसोळाचाच ठेवला. हिशेबाने तो रूळ खऱ्याहून सुमारे १८ सेंटिमीटरने अरुंद आहे. या तडजोडीवर ब्रिटनमधला सगळा छंद उभा राहिला. ज्यांना ती खुपली त्यांनी १८.८३ मिलिमीटरचा अचूक रूळ हाताने घातला, पण ते मूठभरच.

जपानने उलट्या बाजूने तडजोड केली. त्यांचा जुना गेज १०६७ मिलिमीटर. ९ मिलिमीटरच्या एन रुळावर त्यांनी १:१५० च्या गाड्या चढवल्या, तेव्हा रूळ खऱ्याहून २८ सेंटिमीटरने रुंद झाला. तरी आज एन गेजमध्ये जपानची बरोबरी करणारे देश थोडेच सापडतील.

दोन्हीकडे रुळाची तडजोड खपली, कारण वरची गाडी त्यांची स्वतःची होती. मला वाटतं, आपणही साडेसोळा मिलिमीटर एकदाचा मान्य करून टाकावा आणि आपलं सगळं बळ वरच्या डब्यावर लावावं.

* * *

जपानची आणखी एक गोष्ट मुंबईने उचलण्यासारखी आहे. तिथे घरं लहान. म्हणून दुकानात मोठा लेआउट मांडून ठेवतात आणि तासाच्या भाड्याने तो लोकांना देतात. माणूस ऑफिसच्या बॅगेतून गाडीची पेटी घेऊन येतो, ती रुळावर लावतो, तासभर चालवतो आणि घरी जातो. गाडी त्याची, रूळ दुकानाचा. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यालाही यात पूर्ण भाग घेता येतो.

कॅरम क्लब, वाचनालयं, व्यायामशाळा आपण याच रीतीने चालवल्या आहेत. वर्गणी आणि एक खोली, एवढ्यावर त्या चालल्या.

* * *

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. महाराष्ट्रातल्या किती तरी मुलांनी चालती मॉडेल रेल्वे आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती तिथे. वाफेची, डिझेलची, विजेची, लटकून धावणारी अशा गाड्या, सिग्नल, फाटकं, उड्डाणपूल, दिव्यांनी उजळणारं नगर. एका माणसाचा छंद सगळ्या गावाला खुला झाला की काय होतं, ते तिथे कळतं. काचेला नाक लावून उभं असलेलं पोर घरी गेल्यावर ‘मला करायचं आहे’ म्हणतं, तेव्हा त्याच्या आईबापांना सांगण्यासारखी पुढची पायरी मात्र आपल्याकडे नाही. पहिला सेट कोणता घ्यावा, कुठे शिकावं, कुणाला विचारावं, याची उत्तरं ज्याची त्याने शोधायची.

संग्रहालयाने ओढ लावली. आता कार्यशाळा हवी.

* * *

जकातीच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. हेतू देशी खेळणी उद्योगाला आधार देण्याचा होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण छंदवाल्याला हवी असलेली छोटी मोटर, चाकजोड किंवा डिकोडर इथे मुळात बनतच नव्हते, त्यामुळे बाहेरून मागवणं तेवढं जड झालं.

दुसऱ्या बाजूला सेंटी या कंपनीच्या प्लॅस्टिकच्या आगगाड्या खेळण्यांच्या दुकानात सहज मिळतात. रेल्वेवेडी पोरं त्यांचे डबे खरवडून पुन्हा रंगवतात, आत मोटर बसवतात, खिडक्या कोरतात, ब्रशने अक्षरं काढतात. या पोरांना मी छंदाचे खरे वारस मानतो. मिळेल त्या सामानातून आपली गाडी करायची, ही धडपड कोणत्याही महागड्या इंजिनापेक्षा जास्त दिवस टिकते.

* * *

डब्याच्या खिडकीचे गज. आयसीएफ कारखान्याच्या जुन्या निळ्या डब्याची ओळख ज्या एका गोष्टीने पटते ती हे आडवे गज, आणि करायला सगळ्यात अवघडही तेच. करंगळीएवढा गज १:८७ मध्ये मिलिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा भरतो. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर तो निघतो, पण धुताना मोडतो, आणि शाबूत राहिला तर काही दिवसांनी वाकतो.

दोन उपाय आहेत. पहिला पितळी पत्र्याचा. कागदाएवढ्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील फिल्म चिकटवायची, गजांचं चित्र त्यावर उमटवायचं आणि पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्ड करणाऱ्यांसाठी हे सामान मिळतं. एक पथ्य पाळावं लागतं. द्राव पत्रा वरून खातो तसा कडेनेही आत शिरतो, म्हणून चित्रात गज हवा त्याहून किंचित जाड काढावा. उरतो तो बरोबर मापाचा.

दुसरा उपाय फुकटचा. विजेच्या साध्या वायरीतली तांब्याची एक तार सोडवायची, दोन पकडींत धरून हलकेच ताणायची. ती काडीसारखी सरळ होते. मग खिडकीच्या आतल्या बाजूने खाचा पाडून एकेक तार बसवायची. एका डब्याला बराच वेळ जातो, पण बाजूने उजेड पडला आणि गजांच्या सावल्या आतल्या बाकांवर उतरल्या की तो डबा थेट आपल्या ओळखीचा होतो.

* * *

आयसीएफने या जुन्या धाटणीचा शेवटचा डबा २०१८ मध्ये बाहेर काढला. अल्कोच्या घराण्यातली डिझेल इंजिनंही झपाट्याने सेवेबाहेर चालली आहेत. आजवर रोज दिसलं म्हणून कुणी मोजलं नाही, ते आता मोजायला हवं. पायरीची उंची, दाराची मूठ, छतावरच्या वायुवीजकांची रांग, बाकाच्या फळ्यांमधलं अंतर. रीतसर परवानगी घेऊन यार्डात उभ्या असलेल्या डब्याची मापं घेणं आणि अल्को इंजिनाच्या धापांचं ध्वनिमुद्रण करणं, ही कामं येत्या काही वर्षांतच होऊ शकतात. साउंड डिकोडरमध्ये पुढे हेच आवाज लागणार आहेत. मॉडेल करणारा माणूस नकळत दप्तर राखत असतो; त्याच्या वहीतली मापं पुढे इतिहासाच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतील.

* * *

नव्या पिढीला रेल्वे आवडत नाही, हे साफ खोटं. चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हचा ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ मुलं मोबाइलवर तासन्‌तास खेळतात. संगणकावरच्या सिम्युलेटरसाठी हौशी मुलं आपली इंजिनं, डबे, स्टेशनं घरबसल्या त्रिमितीत घडवतात, तीही फुकट, केवळ आवडीपोटी. डब्याचा पडद्यावरचा साचा आणि प्रिंटरला लागणारा साचा यांत फार अंतर नाही. भिंतीची जाडी द्यावी लागते, पोकळ्या बुजवाव्या लागतात, न दिसणारे भागही घडवावे लागतात. हे शिकवायला एक शनिवार-रविवार पुरेल. ज्याच्या संगणकात अख्खा डबा पडून आहे, त्याला कुणीतरी जाऊन सांगायला हवं की हा हातात घेता येतो.

* * *

मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत १९४६ साली विद्यार्थ्यांनी मॉडेल रेल्वेचा क्लब काढला. वरचे डोंगर-गावं एका गटाची, खालच्या तारा आणि टेलिफोनचे रिले दुसऱ्या गटाचे. फळीखालच्या या मंडळींपैकी काही जण पुढे संगणकाकडे वळले, आणि १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा अगदी सुरुवातीच्या संगणक-खेळांपैकी एक याच वर्तुळातून आला.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोटिक्सचे क्लब आहेत. एका रुळावर तीन गाड्या, दोन सांधे आणि एकमेकांना न धडकण्याची अट एवढी समस्या त्यांना दिली, तरी सिग्नल, इंटरलॉकिंग, सेन्सर आणि प्रोग्रॅमिंग हे सगळं टेबलावर येतं.

* * *

भोर घाट. १८६३ साली खुला झालेला, ३७ फुटांत १ फूट चढणारा. टेबलावर मांडायचा म्हटलं तर गणित असं: एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला ९ सेंटिमीटर उंची लागते. घाटाच्या खऱ्या चढाने तेवढं वर यायला ३ मीटर ३३ सेंटिमीटर धाव हवी. बारा फुटी खोलीची एक भिंत इथेच संपली.

गाडीचंही तसंच. एलएचबी डबा १:८७ मध्ये २७ सेंटिमीटर. सोळा डब्यांची गाडी सव्वाचार मीटरच्या पुढे जाते, म्हणजे भिंतीपेक्षा लांब. म्हणून निवड करावी लागते. डेक्कन क्वीन सहा-सात डब्यांची केली तरी ती डेक्कन क्वीनच दिसते, पण डायनिंग कार गाळून चालणार नाही.

घाटाच्या इतिहासातच एक सोय दडली आहे. १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी टोकाला जाऊन थांबे आणि दिशा बदलून पुढचा चढ चढे. कमी जागेत जास्त उंची गाठायची ही युक्ती खोलीतल्या घाटाला चपखल बसते. आणि विजेच्या पहिल्या पर्वातलं जीआयपी रेल्वेचं मालगाडीचं इंजिन, १९२८ पासूनचं, ज्याला लोक ‘खेकडा’ म्हणत, त्याचं मॉडेल आपल्याला हवंच. स्विस ‘मगर’ इंजिनांच्या कुळातलं हे जनावर. स्विस मगरीची मॉडेलं जगभरचे संग्राहक जिवापाड जपतात. आपल्या खेकड्याचा एक नमुना दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. तिथे जाऊन मापं घेता येतील.

* * *

घाटातली खरी मौज बँकरची. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. मॉडेलच्या जुन्या पद्धतीच्या वीजपुरवठ्यात एका रुळावरची सगळी इंजिनं एकाच वेगाने सुटत, त्यामुळे पुढचं आणि मागचं इंजिन वेगळं हाताळता येत नसे. डिजिटल पद्धतीत रुळावर वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त स्वतःच्या क्रमांकाला आलेली आज्ञा ऐकतो. दोन इंजिनांचे वेग आधी शेजारच्या रुळांवर पळवून जुळवून घ्यावे लागतात; तसं न केलं तर मागचं इंजिन वळणावर मधला हलका डबा रुळाबाहेर ढकलतं. वेग जुळले की कर्जतला जोडणं, घाट चढणं, लोणावळ्याला सोडणं आणि रिकामं इंजिन खाली आणणं हा सगळा खेळ दोन माणसांनी मिळून खेळायचा. इथे छंद एकट्याचा राहत नाही.

* * *

डोंगर करायला बाहेरचं पुस्तक उघडलं की जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड पसरायला सांगतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही दहा वर्षांच्या मुलाला हे येतं. दिवाळीत दगड-विटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून तो किल्ला करतो, चाळलेली माती भुरभुरवतो, अळीव किंवा मोहरी पेरतो आणि चार दिवसांत त्यावर हिरवळ आणतो. दरवाजा कुठे, बुरूज कुठे, वाट कशी वळावी, मावळा कुठे उभा राहावा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. गणपतीतले हलते देखावे करणारे कारागीर मोटर, कप्पी आणि दोरा यांचं काम डोळे मिटून करतात. हे कसब हजारो घरांत आणि गल्ल्यांत आहे. मॉडेल रेल्वेला लागणारा निम्मा हात आपल्याकडे तयारच आहे. त्याला रुळाची ओळख करून द्यायची आहे.

* * *

सह्याद्रीची माती सह्याद्रीतूनच घ्यावी. विकतच्या परदेशी मातीचा रंग इथल्या डोंगराला लागत नाही. आणलेली माती वाळवून, वस्त्रगाळ करून घेतली की प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक गुंडाळून तिच्यातून फिरवावा. पिशवीला काळी भुकटी चिकटून येते. आपल्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट असतं, आणि ते रुळावर राहिलं तर इंजिनाच्या मोटरीतलं चुंबक ते ओढून घेतं. भुकटी यायची थांबेपर्यंत चुंबक फिरवत राहायचं.

पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, रुळांचे सांधे वर उचलतात. फळीला सगळ्या बाजूंनी, कापलेल्या कडांनाही, सीलर द्यावा आणि रुळांत बारीक फट सोडावी. कोकणातल्या माणसाने तर लेआउट मृगाच्या आधी झाकून ठेवावा आणि दसऱ्याला उघडावा.

* * *

फलाटावर माणसं हवीत. १:८७ चा माणूस दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. प्रायझर या जर्मन कंपनीची चिमुकली माणसं सुरेख असतात, पण ती कोट घालून बर्फातल्या स्टेशनावर उभी राहणारी. त्यांना इथे आणायचं तर टिश्यू पेपरची पट्टी पातळ फेविकॉलमध्ये भिजवून अंगाभोवती गुंडाळावी, निऱ्या सुईने पाडाव्यात, पदर खांद्यावर टाकावा आणि वाळल्यावर काठ रंगवावा. हमालाचा लाल सदरा, डोक्यावरची ट्रंक, चहाची किटली, डबेवाल्याची लांब पेटी. दादरच्या फलाटावर माणसं सुटी सुटी ठेवून भागत नाही. खांद्याला खांदा लावूनच चिकटवावी लागतात.  या गर्दीचं मॉडेल मुंबईकराने करावं.

* * *

ब्रॉडगेजला अचूक रूळ मिळत नाही, पण बार्शी लाइटला मिळतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने बांधलेली ही छोटी रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. गेज ७६२ मिलिमीटर. ऑस्ट्रियातल्या डोंगरी रेल्वे ७६० च्या, आणि त्यांच्यासाठी १:८७ मध्ये ९ मिलिमीटरचे रूळ आणि चाकजोड तयार मिळतात. फरक नखाएवढाही नाही. विदर्भातली शकुंतला ही छोटी रेल्वेही याच गेजची. म्हणजे आषाढीला वारकऱ्यांनी भरलेली पंढरपूरची गाडी किंवा मूर्तिजापूरहून यवतमाळकडे कापसाच्या शिवारातून जाणारी शकुंतला अगदी मापात करता येते. वळणं घट्ट, डबे छोटे, पुस्तकांच्या कपाटाच्या एका फळीवर अख्खं स्टेशन मावेल.

याच कॅल्थ्रॉपने नंतर इंग्लंडमध्ये त्याच मापाची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे आखली. ती ३० वर्षं चालून १९३४ मध्ये बंद पडली. तरी इंग्लंडमधले छंदवाले तिची मॉडेलं अजून करतात, म्हणून ती लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. बार्शी लाइटचा सगळा मार्ग आता ब्रॉडगेज झाला. तिचं छोटं रूप डोळ्यांसमोर ठेवायचं असेल तर ते आपल्यालाच करायला हवं.

* * *

भवितव्याबद्दल माझं म्हणणं एका ठिकाणी आणतो. मोठी दुकानं आणि मोठे कारखाने यांच्या आधाराने चाललेला छंद आकसत जाईल. ज्या गावात चार माणसं आपल्या ओळखीची गाडी स्वतः घडवतात आणि एकत्र येऊन चालवतात, तिथे तो वाढेल. प्रिंटर, डिकोडर, वायर, माती, हात हे सगळं आज महाराष्ट्रात आहे. उणीव आहे ती एका ठरलेल्या मापाची, ज्याने नाशिकच्या माणसाने केलेली रुळाची फळी कोल्हापूरच्या माणसाच्या फळीला विनातक्रार जुळेल. जपानमधून निघालेली टी-ट्रॅकची पद्धत आणि युरोपातली फ्रेमोची पद्धत हेच करतात.

म्हणून एक मसुदा मांडतो. रूळ साडेसोळा मिलिमीटर, गाड्या १:८७. फळीची लांबी १ मीटर, रुंदी ४० सेंटिमीटर. ती रिक्षात मावते आणि कपाटावर राहते. दुहेरी मार्ग, दोन रुळांतलं अंतर सगळीकडे सारखं. टोकाला रूळ कडेला काटकोनात आणि सपाट. चढ द्यायचा तो मधल्या फळ्यांत, ठरलेल्या पायऱ्यांनी. वळणाची त्रिज्या निदान ८१ सेंटिमीटर, डब्याच्या लांबीच्या तिप्पट, म्हणजे एलएचबी डबे एकमेकांना घासणार नाहीत. एवढं वळण घरात घालणं अवघडच, म्हणून वळणाच्या फळ्या सगळ्यांनी मिळून सामायिक ठेवाव्यात आणि सरळ फळी प्रत्येकाने घरी करावी. वर्षातून एकदा शाळेचं सभागृह घेऊन सगळ्या फळ्या जोडाव्यात, आणि मुलांच्या हाती कंट्रोलर द्यावा. नुसतं काचेतून दाखवू नये.

पहिला मार्ग कर्जत ते लोणावळा. कर्जतचं बँकर इंजिनांचं यार्ड मी करायला घेतलं आहे. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा आणि लोणावळा मोकळी आहेत. ज्याला जे जवळचं वाटेल ते त्याने घ्यावं; फळीची मापं वर दिली आहेत.